न तोडण्याची उचल

दिनांक ११ जुलै २०१८, बुधवार. त्या दिवशी वडवणी तालुक्यातल्या बोरदरा गावच्या म्हसोबा डोंगर महिला सहकारी संस्थेच्या खात्यावर एक लाख शहाऐंशी हजार चारशे रुपये जमा झाले. पैसे बीडच्या हिमगंध आइस्क्रीम कंपनीचे होते आणि अंबाजोगाईच्या पाणमाती मंडळाच्या मार्फत आले होते. संस्थेच्या अध्यक्ष छबुबाई यांनी पासबुकात नोंद झालेली पाहिली, पदर सावरला आणि मंडळाचे कार्यकर्ते भारतसर यांना पहिला प्रश्न विचारला.

"सर, ही किती कोयत्यांची उचल म्हनायची?"

ऊसतोडीच्या गावात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो. एकटं माणूस अर्धा कोयता. मुकादम पावसाळ्यातच जोडीला आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. दसऱ्याला ती जोडी त्याच्या टोळीत कारखान्यावर जाते आणि ऊस तोडून उचल फेडते. फिटली नाही तर बाकी अंगावर राहते, आणि पुढच्या सालीही त्याच मुकादमाच्या मागे जावं लागतं. छबुबाई लग्न होऊन बोरदऱ्यात आल्या त्याच साली पंडितसोबत उसाला गेल्या. पंडित म्हणजे त्यांचे मालक, दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारा माणूस. तेव्हापासून त्यांनी अठरा हंगाम केले. काम करायच्या आधी जो पैसा येतो, तो उचलच असतो, हे त्यांना शिकवायला कोणी लागलं नव्हतं.

"उचल नाही हो छबुबाई," भारतसर हसून म्हणाले. "हे पैसे परत करायचे नाहीत."

"बरं," छबुबाई म्हणाल्या. आणि बँकेच्या पायऱ्या उतरताना सोबत आलेल्या, संस्थेतल्याच सरस्वतीबाईच्या कानाशी लागल्या, "मुकादमबी पहिल्या दिवशी असंच गोड बोलतो."

करार तसा सरळ होता. गावामागचा म्हसोबाचा डोंगर गायरानाचा, म्हणजे साऱ्या गावाचा. त्यावर सीताफळाची झाडं आपोआप वाढलेली. शेळी सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाही, म्हणून तेवढीच वाचली होती. बाकी डोंगर बोडका पडला होता. हिमगंधचं सीताफळाचं आइस्क्रीम अशा डोंगरांच्या फळांवर चालायचं. डोंगर धुपून गेला तर फळ कुठून आणायचं, हा प्रश्न कंपनीचे मालक राधाकिशनशेठ यांना पडला, आणि ते मंडळाकडे गेले. मंडळाला डोंगर राखायचा होता, पण खिसा रिकामा. म्हणून तिघांनी ठरवलं. कंपनीने दरसाल पैसा द्यायचा, मंडळाने काम शिकवायचं आणि तपासायचं, गावाने डोंगर राखायचा. कुऱ्हाड चालवायची नाही, जनावरं चारायची नाहीत, उतारावर आडवे चर खणून पाणी अडवायचं. फळ येईल तेवढं कंपनी बाजारभावाने घेणार, त्याचे पैसे वेगळे.

भारतसरांनी हे देवळासमोर तीनदा समजावलं. बायका माना हलवत राहिल्या. सगळ्यांना सगळं समजलं, फक्त पैसा परत द्यायचा नाही एवढं पटलं नाही.

छबुबाईंना मात्र त्या पैशात एक वेगळीच गोष्ट दिसली होती. सीताफळ दसरा-दिवाळीच्या वेळेला पिकतं. डोंगराचं काम असेल तर दसऱ्याला गाव सोडावं लागणार नाही. अठरा दिवाळ्या त्यांनी फडातल्या कोपीत काढल्या होत्या, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, पहाटे तीनला उठून. घरच्या उंबऱ्यावर पणती लावायची ती सासू, कडूबाई. छबुबाईंना घरी अनारसे करायचे होते. अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजत घालावा लागतो, रोज पाणी बदलावं लागतं, मग कुटून गुळात मुरवायचं. गाडी भरायच्या गडबडीत कोपीत हे कोण करतं? लहानपणी आईच्या हातचे खाल्ले होते, त्यानंतर नाहीत.

"यंदा म्या अनारसे करनार," त्यांनी जुलैतच जाहीर करून टाकलं.

"आधी डोंगर तर राख," कडूबाई म्हणाली. "मग तळ."

काम सुरू झालं ते टोळीसारखंच. छबुबाईंना दुसरी पद्धत ठाऊकच नव्हती. नऊ कोयते आणि एक अर्धा कोयता. अर्धा म्हणजे मुक्ताबाई, तिचा नवरा वारलेला. उसाच्या सऱ्या वाटून द्याव्यात तसा त्यांनी उतार पट्ट्यापट्ट्याने वाटून दिला. सकाळी शिट्टी वाजायची. भारतसरांनी चराची रेघ चुन्याने मारून दिली की त्या पाहत उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "सर, तुमी रेघ मारा, आमी ती पाताळापातुर नेतो." मुक्ताबाईला त्यांनी राखण दिली. ती डोंगराच्या सोंडेवर दगडावर बसायची, आणि तिचा आवाज असा की वडवणीच्या बाजारातली शेळीही मागे वळावी.

नियम ठरला होता. डोंगरावर शेळी सापडली तर एक नारळ आणि एक्कावन्न रुपये दंड. पहिल्याच आठवड्यात दोन शेळ्या सापडल्या. कडूबाईच्या.

"आत्याबाई, नारळ काढा," छबुबाई दारातच उभ्या राहिल्या.

"म्या तुझी सासू हाय का तू माझी?"

"घरात तुमी. डोंगरावर म्या अध्यक्ष."

"अध्यक्षाच्या तोंडाला लई पानी सुटलंय नारळाचं," कडूबाई बडबडली. पण नारळ दिला. एक्कावन्न रुपये काही तिने दिले नाहीत, ते पंडितने गुपचूप भरले. पंडितचा स्वतःचाही दंड होता. पहिल्याच दिवशी कुदळीला दांडा हवा म्हणून त्याने सवयीने एक फांदी उतरवली होती. त्याचा नारळ सगळ्यांत आधी फुटला.

मग पावसाने दगा दिला. जुलैत दोन सरी बऱ्या झाल्या, ऑगस्टमध्ये आभाळ कोरडं झालं ते झालंच. सप्टेंबरात सरकारी माणसं पीक पाहून गेली, दुष्काळाची यादी निघाली. डोंगरावर चराई नसल्यामुळे गवत मात्र गुडघाभर वाढलं होतं, पिवळं पडलं तरी उभं होतं. सीताफळाची झाडं हिरवी होती, पण फळं लिंबाएवढी राहिली आणि थोडकीच. चांगल्या साली सहाशे क्रेट भरायचे, त्या साली दोनशेही भरले नाहीत.

दसरा झाला. टोळ्या निघून गेल्या. नऊ कोयते आणि मुक्ताबाई गावातच राहिली. छबुबाईंनी तांदूळ भिजत घातला.

अशात शहादेव मुकादम गावात परत आला. शहादेव म्हणजे पंडितचा धाकटा चुलत भाऊ. छबुबाई अठरा हंगाम त्याच्या आणि त्याच्या बापाच्या टोळीत गेलेल्या. त्याने टोळी कारखान्यावर पोचवली होती, पण कोयते कमी पडले म्हणून ट्रॅक्टर घेऊन उरलेल्यांना गोळा करायला आला होता. आला तो थेट छबुबाईंच्या ओट्यावर.

"वैनी, डोंगर राखून पोट भरलं का?"

"भाऊजी, च्या घ्या आन गप बसा."

"नऊ कोयते द्या मला. कोयत्याला पन्नास हजार उचल, आत्ता, रोख." त्याने बशीत चहा ओतला. "शेठनं पैसा दिला तो कावून दिला? फळासाठी. फळ किती दिलं तुमी? मूठभर. मंजी उचल अंगावर राहिली. पुढच्या सालीबी त्या शेठच्या मागं. मग माझ्या मागं आलेलं काय वाईट?"

छबुबाई हसल्या नाहीत. दोन महिने त्यांच्या मनात जे घोळत होतं तेच शहादेवने बोलून दाखवलं होतं. चर खणल्याची मजुरी नऊही घरांनी घेतली होती. त्यातून किराणा भरला, पोरांच्या वह्या आल्या. आणि फळ आलं नव्हतं. भारतसर विचारल्यावर नाहीच म्हणायचे, पण तो भला माणूस, मागायला लाजत असेल. बाकी अंगावर ठेवून दिवाळी करायची? अठरा वर्षांत त्यांनी कोणाची बाकी पुढच्या सालावर नेली नव्हती.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमचा ट्रॅक्टर बीडला जायचं किती घेईल?"

"बीडला कावून?"

"ज्याची उचल घेतली त्याच्या फडावर जायचं. ही रीत तुमीच शिकवली."

शहादेवचा चहा बशीतच राहिला. जाऊन येऊन तेराशे पन्नास ठरले. छबुबाईंनी हजार हातावर ठेवले, बाकीचे आल्यावर. शहादेवला पैशाची घाई नव्हती. त्याला ही गंमत डोळ्यांनी बघायची होती. शिवाय शेठने हाकलून दिलं तर सगळे कोयते ट्रॉलीत भरलेलेच होते.

दिवाळी आठवड्यावर आली होती. सकाळीच ट्रॉली निघाली. नऊ कोयते, मुक्ताबाई, अंथरूण-पांघरूण, तवे, पातेली, तीन कोंबड्या, आणि छबुबाईंच्या मांडीवर एक झाकलेला डबा. त्यात अनारशाचं पीठ गुळात मुरत होतं. मुरायला ठेवलेलं पीठ टाकून कसं जायचं?

"छबे, थितं आइस्क्रीम देत्यात का गं?" सरस्वतीबाईने वाटेत विचारलं.

"आपुन फेडायला चाललो, खायला न्हाई."

"विचारायला काय जातंय?"

बीडच्या एमआयडीसीत हिमगंधच्या फाटकासमोर ट्रॅक्टर थांबला तसा वॉचमनने फाटक आतून लावून घेतलं. एवढी माणसं एकदम उतरताना त्याने फक्त मोर्चातच पाहिली होती.

"मागण्या काय आहेत?" त्याने फटीतून विचारलं.

"मागन्या न्हाईत बाबा. कामावर आलोय. कोप्या कुठं घालू?"

"काय घालू?"

"कोप्या. ऱ्हायला. पाचट न्हाई तुमच्यात? मग पत्रा द्या."

वॉचमन आत पळाला. राधाकिशनशेठ बाहेर आले. साठीचे, ठेंगणे, पांढरा सदरा, हातात मोबाइल. आजोबांनी बीडच्या बाजारात बर्फाची गाडी लावलेली, नातवाने कारखाना काढलेला. त्यांनी ट्रॉली पाहिली, कोंबड्या पाहिल्या, मग छबुबाईंना ओळखलं. जुलैत देवळासमोरच्या एका सभेला ते गेले होते, तिथे सगळ्यात मोठ्याने हसलेली बाई.

"छबुबाई ना? हे काय आणलंत?"

"टोळी आणली शेठ. एक लाख शहाऐंशी हजार चारशे. फळ दिलं ते आमच्या मनाला फेडीएवढं न्हाई. बाकी अंगावर ठिवायची सवय न्हाई आमाला. काम सांगा. ह्ये नऊ कोयते हायेत, आन ही मुक्ताबाई अर्धा, पन आवाजानं दीड."

 शेठनी भारतसरांना फोन लावला. भारतसर नेकनूरला आपल्या घरी भिंतीला चुना लावत होते. "आलोच," म्हणाले. मधल्या वेळात काय करायचं म्हणून शेठनी सगळ्यांना कारखान्याच्या ओसरीत बसवलं आणि आतून कागदी कप मागवले. सीताफळाचं आइस्क्रीम.

 वर्षानुवर्षं, उसाला निघायच्या आधी, त्या डोंगरावरची फळं टोपल्यांनी उतरवली, पण त्याचं पुढे काय होतं ते या माणसांच्या जिभेवर कधी आलं नव्हतं. पंडितने पहिला चमचा तोंडात धरून ठेवला आणि डोळे मिटले. मुक्ताबाई कप उलटसुलट करून पाहत होती.

"ह्यात बी कुठं हाय?"

"बी काढून टाकतात, मावशी," एक कामगार म्हणाला.

"समदं? येक-येक?" तिने कपाळाला हात लावला. "तुमी आमच्यापरीस बेकार काम करता की रे!"

ओसरी हसून गेली. शहादेव मुकादमाने दुसरा कप घेतला. तो तर टोळीतही नव्हता.

भारतसर आले ते हाताला चुना तसाच. सगळं ऐकून ते खालीच बसले, छबुबाईंच्या समोर, फरशीवर.

"छबुबाई, चूक माझी. मी तीनदा सांगितलं पण तुमच्या हिशोबात सांगितलं नाही. शेठनी फळाचे पैसे दिले ते वेगळे, क्रेटमागे. हे पैसे फळाचे नाहीत. डोंगर राखायचे आहेत. कुऱ्हाड चालली का?"

"न्हाई."

"जनावरं चढली?"

"आत्याबाईच्या दोन शेळ्या. दंड झाला."

"चर खणले?"

"रेघंच्या खाली गेलो."

"मग काम झालं."

छबुबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग शेठकडे, मग परत सरांकडे. "थांबा. मंजी झाड तोडलं न्हाई, त्याचे पैसे?"

"हो."

"जन्मभर तोडायचे पैसे घेतले सर. टनावर. न तोडायचे कुणी देतं?"

"हा देतो," भारतसरांनी शेठकडे बोट केलं.

"बाई," शेठ म्हणाले, "पाऊस पडला नाही हा तुमचा दोष आहे का? झाडं उभी आहेत ना? पुढच्या साली पाऊस येईल, फळ येईल. झाड गेलं तर मी कोणाच्या दारात जाऊ? तुम्ही घरी जा, दिवाळी करा."

टोळीत कुजबुज झाली. सरस्वतीबाई तर अंथरूण उचलायलाही लागली. पण छबुबाई हलल्या नाहीत. अठरा वर्षांची रीत एका कप आइस्क्रीमवर मोडणारी नव्हती.

"शेठ, तुमचं म्हननं पटलं. पन फड बघितल्याबगर हिशोब मिटत न्हाई. मुकादम बांधावर येतो, फड मोकळा झालेला बघतो, आन मग समद्यांसमोर म्हनतो, फिटली. तुमी डोंगर बघा. तोवर मला घास गोड लागायचा न्हाई."

"डोंगर बघायला? मी?"

"पैसा तुमचा. आमी न तोडल्यालं कुणी बघायचं?"

भारतसर खाली बघून हसत होते. शेठनी घाम पुसला. "पाडव्याला येतो. लक्ष्मीपूजन झालं की दुसऱ्या दिवशी."

त्या दिवशी ट्रॉली उजेडीच बोरदऱ्यात परत आली. कोंबड्यांसकट. कडूबाई दारात उभी होती. "फेडून आलीस का गं एवढ्यात?" तिने विचारलं.

"शेठ बघायला येनार हाय."

"मला वाटलं आइस्क्रीमवाला पळवून नेतोय माझी सून." आणि पंडितकडे वळून, "तुला काय झालं रे, डोळे मिटून कावून हसतोयस?"

"गोड व्हतं," पंडित म्हणाला. त्या दिवसाचं ते त्याचं चौथं वाक्य.

शहादेव कारखान्यावर जायचा होता, पण आता तोही गेला नाही. म्हणाला, भाऊबीज करून निघतो. नऊ कोयते अजून कुणाचेच झाले नव्हते, आणि शेठ पाडव्याला येतो की नाही यावर ते कुणाचे होणार हे ठरणार होतं.

पाडव्याला दुपार कलली तरी गाडी दिसेना. छबुबाईंनी चूल पेटवली नव्हती. पिठाच्या डब्यावर हात ठेवून त्या बसून होत्या. सोंडेवरून मुक्ताबाईचा आवाज आला आणि सगळं गाव उठलं.

"आलं गं! पांढरी गाडी!"

राधाकिशनशेठ नव्या चपला घालून आले होते. पहिल्या चढालाच त्यांनी त्या हातात घेतल्या. भारतसर पुढे, छबुबाई सोबत, मागे नऊ कोयते, त्यांच्या मागे अर्धं गाव. शेठ थांबत थांबत चढले. दर थांब्याला छबुबाई त्यांना काही ना काही दाखवत होत्या. हा चर, ह्यात जुलैचा गाळ बसलाय, हात घालून बघा. हे जुनं खोड, तोडलेलं, पण साल बघा, वाळून काळं पडलंय, औंदाचं न्हाई. हे गवत, गावात कुठं एवढं सापडलं तर सांगा. गवतातून तित्तरांची एक जोडी फडफडून उडाली आणि शेठ दचकून भारतसरांच्या अंगावर गेले. गाव हसलं, शेठही हसले.

वरच्या पट्ट्यात एका झाडाची फांदी यंदाच कापलेली दिसली. शेठनी बोट दाखवलं. "हे?"

छबुबाईंनी पंडितकडे बघितलं. पंडितने मान खाली घातली.

"ते आमच्या मालकाचं. पहिल्या दिवशी. दांड्यासाठी. नारळ फोडलाय त्याचा, पावतीबी हाय."

"एवढा डोंगर राखला आणि एक फांदी," शेठ दम खात म्हणाले. "फांदीचं राहू द्या."

वर म्हसोबाच्या शेंदरी दगडाजवळ ते बसले. खाली गाव दिसत होतं, त्यापलीकडे कोरडी शेतं, नांगरलेली आणि तशीच राहिलेली. डोंगर तेवढा उभा होता, पिवळा आणि मधेमधे हिरवा. शेठ बराच वेळ बघत बसले. मग उठले. त्यांना रीत सांगितलेली होती. तरी सगळ्यांकडे बघताना ते जरा लाजले.

"छबुबाई, सरस्वतीबाई, मुक्ताबाई, पंडितराव, सगळेच. मी डोंगर बघितला. फिटली."

"पट्टा पडला!" शहादेव मुकादम ओरडला. कारखान्याचा हंगाम संपतो त्या दिवशी टोळीत हेच ओरडतात. शिट्टी वाजली. बायकांनी फुगडी धरली, सरस्वतीबाईने एक फेरा शेठनाही घालायला लावला. छबुबाई मात्र थांबल्या नाहीत. त्या डोंगर उतरून आधी घरी पळाल्या.

शेठ खाली येईपर्यंत कढईत तेल तापलं होतं. पहिला अनारसा विरघळून तेलातच पसरला, दुसरा करपला. "आत्याबाई, बघू नका," छबुबाई ओरडल्या. तिसरा खसखशीसकट जाळीदार फुलला. तो शेठना दिला. शेठनी तो सावकाश खाल्ला आणि दुसरा मागितला. पुढच्या सालचा करार त्याच ओट्यावर झाला, अटी त्याच, फक्त राखणीची मजुरी थोडी वाढवून. शहादेवला नऊ कोयते मिळाले नाहीत. भाऊबीजेला तो वडवणीहून दुसरेच चार कोयते घेऊन गेला.

कराराचा पैसा त्यानंतर दरसाल येत राहिला. २०१९ ला पाऊस उशिरा का होईना पडला आणि सीताफळं चांगली लागली. छबुबाई त्या पैशाला आजही उचलच म्हणतात. भारतसरांनी दुरुस्त करणं सोडून दिलंय. आणि दर पाडव्याला शेठ डोंगर चढून बघतात, खाली येऊन अनारसे खातात, आणि सगळ्यांसमोर म्हणतात, फिटली.

छबुबाईंनी त्या पहिल्या दिवाळीतच शहादेवच्या ट्रॅक्टरचे उरलेले पैसे काढून ठेवले होते. त्याने घेतले नाहीत. "राहू द्या वैनी," म्हणाला, "अठरा वर्षांत पहिल्यांदा तुमच्यावर माझी बाकी निघाली." दर दिवाळीला त्या देतात, तो चहा पिऊन उठतो.

तेराशे पन्नासपैकी हजार दिले. साडेतीनशे रुपये देणे आहेत.